एक नंबरचा कान

घाटातला रस्ता थोरलीने डोळ्यांनी फारसा पाहिला नव्हता, पण त्याचं वळण न् वळण तिच्या कानात होतं. क्रेन कुठे धापा टाकते, ड्रायव्हर बोलता बोलता कुठे गिअर बदलतो, कोणत्या कड्याआड गेल्यावर माणसाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो, सगळं तिला तोंडपाठ. पायथ्याच्या कचेरीत, मागच्या खोलीत ती बसायची. जाळीची खिडकी, कुरकुरणारा पंखा, दिव्यांची आणि बटणांची एक पाटी, आणि कानावर हेडफोन. घाटात मोबाइलला रेंज नाही. वर चढलेल्या माणसाला खाली बांधून ठेवणारा एकच धागा, तो म्हणजे रस्त्याच्या कंपनीचा वायरलेस. आणि त्या धाग्याचं टोक थोरलीच्या बोटाला गुंडाळलेलं.

हवेवर तिला सगळे ‘बाई’ म्हणायचे. तिचा नवरा क्रेन चालवायचा, तोसुद्धा. नातं उंबऱ्याच्या आत, हा तिचाच नियम. घरी ‘वहिनी, जरा मीठ द्या’ म्हणणारा धाकटा दीर वर कड्याला लोंबकळून खडकात सुरुंग ठासायचा, तेव्हा तोही ‘बाई, सुरुंग भरला’ असंच म्हणायचा. तिने ‘उडवा’ म्हटल्याशिवाय त्याने कधी कळ दाबली नाही. डोंगर फुटायचा तो तिच्या शब्दावर. एवढा मान घरात पाणी भरून आणि भांडी घासून मिळत नसतो, हे थोरलीला चांगलं ठाऊक होतं. म्हणून ती त्या खुर्चीला जीव लावून होती.

मग धाकटी आली. दिराची बायको म्हणून आधी घरात आली, आणि नव्या नवरीचं नवेपण सरायच्या आत नोकरीला लागून त्याच खोलीत, त्याच खुर्चीत, दुपारच्या पाळीला आली. सकाळी थोरली, दुपारी धाकटी. खुर्ची गार व्हायलाही वेळ मिळायचा नाही.

सवत असती तर बरं, असं थोरलीला कधी कधी वाटायचं. सवतीचा मत्सर निदान जगाला समजतो. जावेचा मत्सर कुणापाशी बोलून दाखवायचा? त्यातून धाकटी उलट बोलणारी असती तर भांडायला जागा तरी मिळाली असती. ती कामाला मागे नाही, शब्दाला कडू नाही, ताटं घासताना गुणगुणते, आणि वर ‘ताई, तुम्ही बसा हो’ म्हणते. बसा म्हणे! थोरलीच्या आईपाशी या दुखण्यावर एक ओवी होती:

जावा दोघी घरी,
जशा दोन घागरी,
एक वाजे एकीवरी
पाण्याविना.

आई म्हणायची तेव्हा लहानपणी थोरली खुदकन हसायची. आता ती ओवी ओठावर आली की तिला वाटायचं, वाजणारी घागर कोणती ते आईचं सांगायचं राहूनच गेलं.

धाकटीच्या पाठोपाठ नवी चॅनल आली, तीही थोरलीने मनात तिच्याच पदरात घातली. पूर्वी एकच चॅनल होतं. सगळा घाट एका दारातून बोलायचा. एक बोलला की बाकीचे गप्प, आणि कुणी आधी, कुणी नंतर, हे थोरली ठरवायची. आता चॅनल पाच आणि सेट शंभरावर, आणि कुणाचंच कुठलं चॅनल कायमचं नाही. पाचांतलं एक मुख्य. त्यावर गप्पा होत नाहीत. ते नुसती वाटणी करतं. वर कुणी सेटचं बटण दाबलं की हाक आधी या मुख्याकडे येते. ते बघतं, तीन रिकामं आहे. म्हणतं, जा, तीनवर बोला. डोळ्याचं पातं लवायच्या आत दोन्हीकडचे सेट तीनवर. बोलणं संपलं की तीन मोकळं, पुढच्याला. कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून कोठीच्या दारात बसणारी घरची बाई असते ना, स्वतः ताटावर बसत नाही पण वाढते सगळ्यांना, तसं. म्हणून कचेरीत त्या चॅनलला ‘कारभारीण’ म्हणायचे.

यंत्राची शिकवण अशी होती की कारभारीण कायम एकच नको. पाळी बदलली की किल्ल्या दुसरीच्या कमरेला. आणि असलेली कारभारीण मध्येच मुकी झाली, तर सगळे सेट आपोआप तिला सोडून हुडकत निघतात, नवी सापडली की तिच्या दारात गोळा होतात, आणि बोलणं पुढे चालू. थोरलीला हे काही रुचलं नाही. एक नंबर म्हणजे तेच जुनं चॅनल, ज्यावर कधीकाळी तिचा एकटीचा आवाज होता. सकाळी खुर्चीत बसली की ती आधी पाटीवरची छोटी चावी फिरवायची आणि कारभार एक नंबरला बांधून टाकायची. दुपारी धाकटी येऊन ती चावी सोडायची.

“फिरू द्या की ताई,” धाकटी एकदा म्हणाली. “एकावरच कशाला सगळा भार?”

“ज्याला पेलतो त्याला पेलू दे,” थोरली म्हणाली. “तुझ्या पाळीला तू काय हवं ते फिरव.”

उन्हाळा तापत गेला तशी थोरलीची सकाळ गप्प होत गेली.

कुणी हाक मारली की पाटीवर पिवळा दिवा लागायचा. पूर्वी सकाळभर त्या दिव्याला उसंत नसायची. बाई, टायर बसलं. बाई, खालच्या मोरीत ट्रक अडकलाय. बाई, काल सांगितलेलं डिझेल आलं का? आता ऊन चढू लागलं की दिवा जो विझायचा तो थोरली उठेपर्यंत लागायचाच नाही. मजा अशी, की तिने हाक मारली तर उत्तर यायचं. ‘जी बाई’, ‘हो बाई’, ‘झालं बाई’. विचारलं तेवढं सांगायचे. आपण होऊन एक शब्द नाही. आणि दुपारी ती चपला पायात सरकवत दारात उभी राहिली, की मागे खुर्चीत धाकटी टेकते न टेकते तोच पाटीवर पिवळ्या दिव्यांचा खेळ सुरू.

“चिमणे, आलीस का गं? ऐक, काय झालं माहितीये...”

वरच्या गड्यांनी धाकटीचं नाव चिमणी ठेवलं होतं. थोरली चपलेचा पट्टा पुन्हा सोडून पुन्हा लावायची, ऐकत. आपली पाळी म्हणजे मौनव्रत आणि हिची म्हणजे भरला बाजार. काळजात काहीतरी बारीक, ओल्या लाकडासारखं धुमसायचं. जाळही नाही आणि विझणंही नाही.

एकदा तिने रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला हवेवरच धरलं. अंगाने आडवा आणि स्वभावाने मऊ, म्हणून त्याला पैलवान म्हणायचे.

“पैलवान, सकाळपासून तोंडाला कुलूप लावलंय का?”

“बाई, मीच हाका मारून मारून दमलो. तुम्हीच घेत नाही.”

“हाक मारली असतीस तर दिवा लागला असता. दिवा खोटं बोलत नाही पैलवान, माणसं बोलतात.”

“बरं बाई,” पैलवान म्हणाला, रुसलेल्या मावशीपुढे माणूस म्हणतो तसं.

त्याच आठवड्यात कचेरीतला फोन वाजला. घरून धाकटी.

“ताई, पैलवानाचा फोन आला होता. खाली नाक्याशी रेंज मिळाली म्हणून मला केला. गाडीतल्या पट्ट्या संपल्यात, तुम्हाला सांगायचं होतं म्हणे.”

“मला सांगायचं होतं आणि तुला सांगितलं?”

“ते म्हणतात, बाई उचलत नाहीत.”

“असं! म्हणजे आता माझ्याशी बोलायला घाटातल्या गड्यांना तुझी चिठ्ठी लागते होय?”

 धाकटी हळू म्हणाली, “ताई, यंत्रात काही नसेल ना? साहेबांना सांगू का?”

“सांग. तेवढंच राहिलंय.”

तिने खरंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, गारव्याला, यंत्र दुरुस्त करणारा आला. प्रत्येक डबा बोटाने ठोकून बघायची त्याला खोड, म्हणून तो ठोक्या. त्याने पाटी ठोकली, एक नंबरच्या हिरव्या दिव्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “हिरवा आहे म्हणजे जिवंत आहे. ठणठणीत.” थोरलीने तो शब्द उचलून घरी नेला आणि रात्रीच्या जेवणात सगळ्यांच्या ताटात वाढला.

“ठणठणीत आहे म्हणे यंत्र. म्हणजे बिघाड माझ्यात.”

“तसं कोण म्हणतंय?” नवरा म्हणाला. “वर एवढंच म्हणतात, की बाई रुसल्यात. मुद्दाम हाका घेत नाहीत.”

“आणि तुम्ही? तुम्ही का नाही मारत हाक?”

“मी कशाला मारू? घरी ऐकतोच की.”

दीर ताटात बघून हसला. धाकटी हसली नाही. ती उठून पाण्याचा तांब्या भरायला गेली, आणि थोरलीला ते न हसणंही टोचलं. हसली असती तर निदान एक गुन्हा हाती लागला असता.

मग मोठा सुरुंग ठरला. नागमोडी वळणाच्या डोक्यावर घराएवढा खडक सुटून आला होता. आज पडतो की उद्या, अशी गत. भर बाराच्या उन्हात, थोरलीची पाळी संपायच्या आत, रस्ता रिकामा करून तो उडवायचा. साहेबांनी थोरलीला बोलावलं. साहेब भले माणूस, पण अवघड बोलायचं असलं की चष्मा पुसायचे. त्या दिवशी त्यांनी चष्मा बराच वेळ पुसला.

“बाई, त्या दिवशी तुम्ही दोघी पाळ्या बदलून घेता का? म्हणजे, वरची माणसं चिमणीशी जरा मोकळेपणाने...”

“साहेब, या घाटात पहिला सुरुंग उडाला तेव्हा ती शाळेत पाढे म्हणत होती. खुर्चीत मी बसणार.”

“बसा,” साहेब म्हणाले. “पण त्या दिवशी कसं होतंय ते बघून सकाळची पाळी पुढे कुणाकडे, ते ठरवावं लागेल.”

म्हणजे खुर्चीच पणाला लागली होती. थोरली खोलीत परत आली आणि हातातल्या फडक्याने पाटी पुसून काढली, एक एक बटण, तान्ह्या मुलाचं अंग पुसावं तसं.

त्या दिवशी ऊन असं होतं की जाळीच्या खिडकीतून तप्त वारा चाळून आत येत होता. थोरलीने चावी एक नंबरला बांधली होती. हिरवा दिवा नाकासमोर बघत उभा. तिने आवाज घासूनपुसून घेतला आणि हाका सुरू केल्या.

“वरचा नाका?”

“बंद, बाई. अडसर खाली.”

“खालचा नाका?”

“बंद, बाई.”

“सुरुंगवाले?”

“भरला, बाई. आडोशाला आहे,” दिराचा आवाज आला, कोरडा.

“सगळ्यांनी ऐका. भोंगा तीनदा होईल. मध्ये कुठे काही हललं तर मला हाक मारा. हाक नाही आली तर मी समजेन रस्ता मोकळा आहे. तिसरा भोंगा संपला की मी सांगेन, मगच उडवायचं.”

हा नियम जुना होता आणि कधी फसला नव्हता. गप्प राहणं म्हणजे सगळं ठीक. पहिला भोंगा झाला. डोंगरात त्याचे पडसाद एकमेकांचा हात धरून गेले. पिवळा दिवा विझलेलाच. बघा म्हणावं साहेबांना, थोरलीच्या मनात आलं. कसा सगळा घाट मुठीत आहे.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. घरचा नंबर.

आजसुद्धा! थोरलीच्या कानशिलांत रक्त चढलं. आजच्या दिवशी तरी माझ्या ताटात हात घालू नकोस गं बाई. तिने फोन वाजू दिला. वाजून वाजून तो थांबला आणि लगेच पुन्हा वाजला. दुसरा भोंगा आणि फोन एकदमच ओरडू लागले. तिने रिसीव्हर उचलला आणि कानाला न लावता परत आपटला.

खोली शांत झाली. आणि त्या शांततेत तिला न उचललेल्या फोनमधलं बोलणं ऐकू येऊ लागलं, कारण ते तिला पाठच होतं. ताई, अमक्याचा फोन होता, तो म्हणतो बाई उचलत नाहीत. उचलत नाहीत, उचलत नाहीत! थांब, दाखवते तुला. आत्ता दाखवते. भिंतीवर खुंटीला एक जादा सेट टांगलेला असायचा. तिने तो ओढून घेतला. आता या सेटचं बटण दाबायचं, त्याची हाक डोंगरावरच्या टॉवरला जाऊन परत इथे येणार, पाटीवर पिवळा दिवा लागणार. मग धाकटीला फोन करायचा आणि शांतपणे म्हणायचं, की बघ, लागतो.

तिने बटण दाबलं.

दिवा लागला नाही. सेटमधून टूं टूं टूं असा बारीक आवाज आला, दार न उघडलेल्या घरापुढे पाहुण्याने खाकरावं तसा. ती खिडकीशी गेली, सेट जाळीला टेकवला, पुन्हा दाबलं. टूं टूं टूं. पाटीवर पिवळ्या दिव्याच्या जागी अंधार. आणि एक नंबरचा हिरवा दिवा मात्र डोळा न मिटता, साळसूद.

तिने स्वतःच स्वतःला हाक मारली होती, हाताच्या अंतरावरून, आणि तिची तिलाच ऐकू आली नव्हती.

मग जे कळायचं ते विजेसारखं कळलं. एक नंबर बोलत होता, ऐकत नव्हता. ती हाक मारायची तेव्हा उत्तरं वाटून दिलेल्या दुसऱ्या चॅनलवरून यायची, म्हणून कधी संशय आला नाही. मुकी कारभारीण असती तर सगळे सेट तिला केव्हाच सोडून गेले असते. ही बहिरी झाली होती. दारात बसून ‘मी आहे, मी आहे’ म्हणत होती, म्हणून बिचारे सगळे तिच्याच दारात उभे होते, हाका मारत, टूं टूं ऐकत. आणि खुर्चीतली बाई म्हणत होती, की माणसं खोटं बोलतात. पैलवान. सगळी सकाळ. सगळा उन्हाळा. आणि आत्ता, या क्षणी? धाकटीला कुणाचा फोन आला होता?

तिसरा भोंगा सुरू झाला.

थोरलीने बोलायचं बटण मुठीने दाबलं. तिचा आवाज तर अजून जात होता.

“भावजी, थांबा! हात काढा तिथून!”

हवेवर असं कधी झालं नव्हतं. भोंगा ओसरला, डोंगर गप्प झाला, आणि मग दिराचा आवाज आला, उंबऱ्याच्या आतला.

“वहिनी? काढला. काय झालं?”

“कुठे काय हललंय ते मला माहीत नाही. मी सांगेपर्यंत कुणी काही करायचं नाही. आता थोडा वेळ सगळे सेट मुके होतील. घाबरू नका. ते हुडकतील.”

तिने चावी सोडली. तेवढ्याने भागणार नव्हतं; पाळी बदलल्याशिवाय किल्ल्या आपण होऊन हलत नाहीत. एक नंबर जोवर बोलतोय तोवर कुणी त्याला सोडणार नाही. तो बंदच करायला हवा. त्याचा खटका पाटीच्या कडेला होता, लाल टोपणाखाली. टोपण उघडताना तिचा अंगठा अडखळला. हे चॅनल तिने नव्या नवरीच्या वयात हाती घेतलं होतं. यावरच तिने पहिल्यांदा ‘बोला’ म्हटलं होतं, आणि एवढ्या मोठ्या डोंगराने ऐकलं होतं. तिने खटका खाली ओढला.

हिरवा दिवा गेला. हेडफोनमधली नेहमीची खरखरसुद्धा गेली. इतक्या वर्षांत तिने असलं निःशब्द कधी ऐकलं नव्हतं. सगळा घाट धाग्यावरून सुटून हवेत तरंगत होता, आणि बोटाला गुंडाळलेलं टोक नुसतंच टोक होतं. ती श्वास धरून बसली. सापडू दे, सापडू दे. मग चार नंबरखाली हिरवा ठिपका उमलला. किल्ल्या चारच्या कमरेला गेल्या.

आणि पिवळा दिवा लागला. विझला, लागला, पुन्हा लागला. हाकांची रांग लागली.

“बाई! बाई! घेतलंत एकदाचं!” खालच्या नाक्यावरचा रखवालदार रडायच्या बेतात होता. “मोटारसायकल सुटली हो आत! नवरा-बायको आहेत, मागे गादी बांधलेली. अडसराखालून वाकून गेले. मी बटण दाबून दाबून... शेवटी चिमणीला फोन केला...”

“कळलं. तू तिथून हलू नकोस. पैलवान, वळणाखाली कोण आहे बघ.”

“दिसले, बाई.” पैलवानाच्या आवाजाला दम लागला होता. “खडकाच्या बरोब्बर खाली थांबलेत. गादी टेकवून सावलीला बसलेत. खडकाचे फोटो काढतायत.”

“फोटो? उचलून आण त्यांना!”

“गादीसकट आणतो.”

आणले त्याने. नाक्यावर दोघांना उभं करून रखवालदार काय बोलला, ते हवेवर सांगण्यासारखं नव्हतं. थोरलीने पुन्हा पहिल्यापासून सगळ्यांना विचारलं. आता विचारायच्या आधीच दिवे लागत होते. मग ती म्हणाली, “सुरुंगवाले, उडवा.” जाळीची खिडकी थरथरली आणि टेबलावरच्या पेल्यातल्या पाण्यात एक वर्तुळ उठून हळूच मिटलं.

त्यानंतर उन्हाळाभराच्या राहिलेल्या हाका आल्या. टायर, डिझेल, पट्ट्या, एकाच्या सुट्टीचं, एकाच्या पायात गेलेल्या काट्याचं. तिने एक एक घेतली. शेवटची संपल्यावर तिने घरी फोन लावला.

“ताई!” धाकटीचा आवाज फाटला होता. “उचलत का नव्हता? माझा जीव इकडे टांगणीला! ते तिकडे कड्यावर, हा रखवालदार रडतोय, आणि तुम्ही...”

खोटं बोलायला चांगली सोय होती. कामात होते, ऐकू आला नाही, फोनही बिघडला. थोरलीने जाळीबाहेर पाहिलं.

“तुझा नंबर होता म्हणून.”

 धाकटी नाक ओढत म्हणाली, “मला वाटलंच. मलाही तुमचा राग येतो, ताई.”

“माझा? मी काय केलं?”

“काय केलं म्हणे! गप्पा सगळे माझ्याशी मारतात. खरं काही अडलं की विचारतात, बाई गेल्या का? बाई उद्या किती वाजता बसतील? काल क्रेनचा दोर पिळवटला, मी सांगतेय कसं सोडवायचं ते, तर म्हणे, राहू दे गं चिमणे, बाईंना विचारू. चिमणी! चिमणीला कधी कुणी कामाचं विचारतं का?”

थोरलीला बरं वाटलं. बरं वाटलं याची लाज वाटली, पण म्हणून बरं वाटायचं काही थांबलं नाही.

“दोर कसा सोडवायला सांगितलास?” तिने विचारलं. धाकटीने सांगितलं. “बरोबर आहे,” थोरली म्हणाली. “मीही तेच सांगितलं असतं.” आणि हे तोंडातून काढताना तिला लाल टोपण उघडताना जेवढं जड गेलं होतं तेवढंच गेलं.

संध्याकाळी ठोक्या डोंगरावर जाऊन आला. एक नंबरच्या ऐकायच्या तारेचा सांधा सैल झाला होता. उन्हात तापला की सुटायचा, गारव्याला आपला आपण चिकटायचा. हिरवा दिवा फक्त बोलणं दाखवतो, ऐकणं दाखवत नाही, असं तो साहेबांना सांगत होता, जणू आजच त्याने शोध लावला होता.

साहेबांनी चष्मा काढला. तो पुसला जायच्या आत थोरलीनेच सांगून टाकलं. चावी मी बांधून ठेवत होते. घरचा फोन मी आपटला. साहेबांनी चष्मा न पुसताच पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“मग पाळीचं काय करायचं, बाई?”

“फिरू द्या,” ती म्हणाली. “एक आठवडा सकाळी मी, एक आठवडा ती.”

पहिला आठवडा धाकटीचा. सकाळी ती वेणी घालून निघाली, जाताना म्हणाली, “येते हं ताई,” आणि थोरली घरात राहिली. धुणं झालं, केर झाला. ऊन ओट्यापर्यंत आलं. तिने मोबाइल पदराच्या टोकाने पुसून मांडीवर ठेवला. रेंज पूर्ण होती. कुणाचाच फोन आला नाही. यायचं कारणच नव्हतं; वर ज्याने बटण दाबलं त्याला आज वाट मिळत होती. हे तिला समजत होतं, तरी ते ओलं लाकूड आत धुमसू लागलंच. त्याला एका सुरुंगाने विझायची सवय नव्हती.

फोन वाजला. पहिली रिंग पुरती व्हायच्या आत तिने उचलला.

“काय झालं?”

“काही नाही ताई,” धाकटी म्हणाली. मागे पंखा कुरकुरत होता. “सगळं ठीक आहे. वरून पैलवान विचारतोय, बाई घरी बसून काय करतायत म्हणून. काय सांगू त्याला?”

थोरलीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“सांग,” ती म्हणाली, “बाईंना ऐकू येतंय म्हणावं.”